"दारातून पाणी येईना गेलंय": फ्रिजचा डिस्पेन्सर बिघडला तर बोर्ड बदलायच्या आधी काय बघायचं

(एपिसोडचा लिखित भाग. बोलताना आलेले 'म्हणजे', 'तर', 'बेसिकली' जरा कमी केलेत, बाकी जसं बोललो तसं ठेवलंय. गाडीवर असाल तर ऐका, फ्रिजसमोर उभे असाल तर वाचा.)

आजचा विषय घरातला आहे. फ्रिजच्या दारात हात घालून पेल्यात थंड पाणी घ्यायचं, बटण दाबलं की खडखड बर्फ पडायचा, ते मशीन. आणि ते बंद पडलं की काय करायचं.

मी बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरचं काम करतो. फ्रिज दुरुस्त करणं माझं काम नाही, हे आधीच सांगतो. पण बिघाड शोधणं हे माझं रोजचं काम आहे, आणि गेल्या मे महिन्यात ते नायगावात मामाच्या घरी कामी आलं. थोडं उशिरा आलं, त्याचं वाईट वाटतं. म्हणूनच हा एपिसोड.

००:५० | मामीचा फोन

मामाचं घर नायगावात, नांदेडपासून पन्नासेक किलोमीटर. मार्चमध्ये त्यांनी दोन दारांचा मोठा फ्रिज घेतला. दारातून पाणी आणि बर्फ देणारा, हप्त्यावर. घरात लग्न होतं, पाहुणे येणार, आजीला थंड पाणी लागतं, असं सगळं.

आपल्याकडं पाण्याचं कौतुक जरा जास्तच असतं, आणि ते का असतं हे सांगायला नको. १२ एप्रिल २०१६ ला मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली होती, पहिल्या खेपेला दहा डब्यांत पाच लाख लिटर पाणी. आपल्यातले बरेच जण तेव्हा शाळा-कॉलेजात होते, हंडे घेऊन रांगेत उभे राहिलेले. त्या मुलखात फ्रिजच्या दारातून पाणी येतंय म्हटल्यावर शेजारचे बघायला आले तर नवल नाही.

मेमध्ये मामीचा फोन आला. मला वाटलं फ्रिजबद्दल आहे. तर नाही. आजीची शुगर आठ दिवसांपासून तीनशेच्या खाली येईना. इन्सुलिन वेळेवर चालू, जेवण तेच. नांदेडच्या डॉक्टरांनी एकच प्रश्न विचारला: "इन्सुलिन ठेवता कुठं?" मामी म्हणाल्या, "फ्रिजमध्येच की, पार आतल्या बाजूला." मग त्यांनाच आठवलं, त्याच कप्प्यात परवा दही गोठलं होतं.

इन्सुलिन एकदा गोठलं की संपलं. परत पातळ झालं, दिसायला नीट दिसलं, तरी वापरायचं नाही. डॉक्टरांनी ती बाटली फेकायला लावली, नवीन दिली, आणि आजीची शुगर हळूहळू खाली आली.

पण फ्रिज एवढा थंड झाला कामून? तिथून सगळी गोष्ट उलगडत गेली.

०२:४० | शेवटचा बदल काय केला?

आमच्या कामात एखादी चालू गोष्ट अचानक बंद पडली की पहिला प्रश्न ठरलेला असतो: शेवटचा बदल काय केला? मी मामाला तेच विचारलं.

"मामा, फ्रिज आला तेव्हा पाणी नीट येत होतं ना?"

"एक नंबर येत होतं. धारच धार."

"मग मध्ये काय बदललं?"

"काहीच नाही बदललं, भाचेबुवा. फ्रिजला हात नाही लावला कुणी."

फ्रिजला हात नव्हता लावला, हे खरं. पाण्याच्या लाइनीला लावला होता. सुरुवातीला फ्रिजची नळी स्लॅबवरच्या टाकीच्या लाइनीला जोडलेली होती. त्या लाइनीवर शॉवरसाठी बसवलेला प्रेशर पंप आहे. पाणी बोरचं. एप्रिलमध्ये घरच्यांच्या लक्षात आलं की बर्फ खारट लागतो आणि वितळला की पेल्याच्या तळाला पांढरा साका बसतो. म्हणून गावातल्या प्लंबरला बोलावलं आणि नळी स्वयंपाकघरातल्या आरओच्या टाकीला जोडून घेतली. कल्पना वाईट नव्हती.

पुढच्या चार-पाच दिवसांत धार बारीक झाली. मग बर्फाचे खडे लहान आणि पोकळ यायला लागले. मग बर्फ बंद. मामाला वाटलं, थंडावा कमी पडतोय म्हणून बर्फ होत नाही. त्यांनी फ्रीझर आणि फ्रिज दोन्ही सगळ्यात थंड करून ठेवले. मग पाणीही बंद झालं, दही गोठलं आणि आजीची बाटली गोठली.

तपासायला माणूस आला होता. त्यानं दहा मिनिटं बघितलं आणि म्हणाला, "बोर्ड गेलंय, नऊ हजार लागतील." लाइन कधी बदलली, हे त्यानं विचारलं नाही आणि मामानं सांगितलं नाही.

आता ह्यात नेमकं काय झालं हे समजायला आतलं पाणी कसं फिरतं ते बघू. अवघड नाहीये.

०४:३० | पाणी आत येतं तरी कसं

भिंतीकडून एक बारीक पांढरी नळी येते, पाव इंचाची. ती फ्रिजच्या मागं खालच्या बाजूला एका व्हॉल्व्हला लागते. तुम्ही दारातला दांडा किंवा बटण दाबलं की बोर्ड त्या व्हॉल्व्हला वीज देतो. व्हॉल्व्ह उघडतो. पाणी फिल्टरमधून जातं, फ्रिजच्या कप्प्यातल्या छोट्या टाकीत किंवा गुंडाळलेल्या नळीत थंड होतं, आणि दारातून वर चढून तुमच्या पेल्यात पडतं.

बर्फासाठी त्याच व्हॉल्व्हचा दुसरा भाग उघडतो. पाणी एका नळीतून फ्रीझरमधल्या साच्यात पडतं. साचा पुरेसा थंड झाला की सेन्सर सांगतो, मोटर साचा फिरवते किंवा खडे ढकलून काढते आणि ते खालच्या डब्यात पडतात. डब्यात एक स्क्रूसारखी दांडी असते. तुम्ही बर्फ मागितला की ती फिरते आणि खडे पुढं ढकलते.

आता दोन गोष्टी लक्षात ठेवा, कारण निम्मे बिघाड ह्या दोन्हींतून येतात.

पहिली: साच्यात पाणी सोडताना मशीन सेकंद मोजतं, मिलीलिटर नाही. ठरलेले काही सेकंद व्हॉल्व्ह उघडा, मग बंद. तेवढ्या वेळात जेवढं पाणी आलं तेवढं आलं. प्रेशर कमी असेल तर साचा अर्धाच भरतो. म्हणून खडे लहान आणि पोकळ येतात.

दुसरी: ह्या व्हॉल्व्हमध्ये एक रबरी पडदा असतो. वीज फक्त एक छोटी पिन उचलते. पडदा उघडायचं आणि परत घट्ट बसवायचं काम पाण्याचंच प्रेशर करतं. वाऱ्यानं लागणारं दार असतं ना, तसं समजा. वारा पडला की दार अर्धवट राहतं. प्रेशर कमी असलं तर व्हॉल्व्ह नीट उघडत नाही, आणि नीट बंदही होत नाही. मग थेंब थेंब गळत राहतं. तो थेंब बर्फाच्या नळीच्या तोंडाशी गोठतो आणि नळीला बूच बसतं.

मामाच्या घरी अगदी हेच झालं होतं.

०६:४५ | थोडा हिशोब: टाकी किती उंच पाहिजे?

बहुतेक कंपन्यांच्या फ्रिजला किमान २० पीएसआय प्रेशर लागतं, काहींना ३० ते ३५ सुद्धा. आकडा तुमच्या मॉडेलच्या पुस्तकात असतो. जास्तीत जास्त साधारण १२० पर्यंत चालतं.

आता उभ्या पाण्याच्या १ मीटर उंचीला प्रेशर मिळतं १.४२ पीएसआय. म्हणजे २० पीएसआयसाठी टाकी फ्रिजच्या व्हॉल्व्हपासून १४ मीटर उंच पाहिजे. जवळजवळ पाच मजले!

मामाचं घर एकमजली. स्लॅबवरची टाकी व्हॉल्व्हपासून पाचेक मीटर वर, म्हणजे ७ पीएसआय. सुरुवातीला चाललं ते प्रेशर पंपाच्या जिवावर. आणि भिंतीवरच्या आरओची टाकी? व्हॉल्व्हपासून जेमतेम सव्वा-दीड मीटर वर. २ पीएसआय.

इथं बरेच जण फसतात. "आरओमध्ये पंप असतो की!" असतो. पण तो पंप पाणी मेम्ब्रेनमधून ढकलण्यासाठी असतो. गाळलेलं पाणी नंतर साध्या टाकीत पडतं आणि तिथून नळाला फक्त उतारानं येतं. पेला भरायला ते पुरतं. फ्रिजच्या व्हॉल्व्हला पुरत नाही.

०८:२० | तपासायला कुठून सुरुवात करायची

आता तुमच्या घरचा डिस्पेन्सर बंद पडला असं धरू. सगळ्यात आधी दोन मिनिटांच्या गोष्टी.

एक, लॉक. दारावरच्या पॅनेलवर कुलपाचं चिन्ह आहे का बघा. लहान मुलं बटणं दाबतात, लॉक लागतं, आणि घरचे चार दिवस पाण्याची वाट बघतात. बहुतेक फ्रिजमध्ये ते बटण तीनेक सेकंद दाबून धरलं की लॉक निघतं.

दोन, दार. दार पूर्ण लागलं नसेल तर डिस्पेन्सर मुद्दाम बंद राहतो. रबरात पिशवी अडकली आहे का, डबा पुढं आलाय का, बघा.

तीन, मागचा कॉक. भिंतीकडचा छोटा कॉक कुणी बंद केलाय का? फ्रिज मागं सरकवताना नळी मुडपली आहे का?

चार, बर्फाचं बटण किंवा दांडी. बर्फ बनवणं बंद करायची सोय असते. ती चुकून बंद झालेली असते.

हे सगळं नीट असेल तर पुढचा प्रश्न: काय येतं आणि काय येत नाही? ह्या एका प्रश्नानं अर्धा फ्रिज तपासातून बाहेर जातो.

पाणीही नाही आणि बर्फही नाही: दोघांना सामाईक काय आहे? लाइन, फिल्टर, व्हॉल्व्ह. बिघाड तिथंच शोधा.

बर्फ येतो पण पाणी नाही: म्हणजे लाइन ठीक आहे. दारातली नळी गोठली असेल, किंवा व्हॉल्व्हचा पाण्याकडचा भाग गेला असेल.

पाणी येतं पण बर्फ नाही: फ्रीझर पुरेसा थंड नसेल, बर्फाची सोय बंद असेल, भरायची नळी गोठली असेल, किंवा डब्यात खडे चिकटून गोळा झाला असेल. नवीन फ्रिज असेल तर पहिला बर्फ यायला २४ तासांपर्यंत लागू शकतात, तेवढा धीर धरा.

दोन्ही येतं पण कमी: प्रेशर किंवा फिल्टर.

१०:३० | कान लावा

ही माझी आवडती पायरी आहे, कारण हिला पैसे लागत नाहीत. घर शांत करा, पंखा-टीव्ही बंद. एकानं दारातला दांडा दाबायचा, दुसऱ्यानं फ्रिजच्या मागं खाली कान द्यायचा.

"टक्" असा आवाज आणि मग बारीक गुणगुण आली, तर बोर्डाकडून हुकूम सुटतोय आणि व्हॉल्व्हला वीज मिळते आहे. मग पाणी का येत नाही ते पाण्याच्या बाजूला शोधा: प्रेशर, फिल्टर, गोठलेली नळी.

काहीच आवाज नाही, तर लॉक, दाराचा स्विच, दांड्यामागचा स्विच, व्हॉल्व्हची कॉइल आणि शेवटी बोर्ड. ह्याच क्रमानं. बोर्ड शेवटी असतो.

मी व्हिडिओ कॉलवर होतो. मामानं दांडा दाबला, मामींनी फोन फ्रिजमागं धरला. घूंऽऽ. स्पष्ट ऐकू आलं. मी मामाला म्हणालो, "मामा, बोर्ड जिवंत आहे, नऊ हजार खिशातच ठेवा."

११:४० | बादली टेस्ट

मग मामींना बादली आणायला सांगितली. तुम्हीही हे करू शकता, फक्त आधी फ्रिजचा प्लग काढा आणि कॉक बंद करा. मग मागच्या व्हॉल्व्हपासून येणारी नळी सोडवा, तिचं तोंड बादलीत धरा आणि कॉक उघडा. अर्धा मिनिट मोजा.

लाइन चांगली असेल तर जोरात, सलग धार येते. आमच्याकडं काय आलं? अर्ध्या मिनिटात एक पेलाही नीट भरला नाही. फ्रिजमध्ये जायच्या आधीच पाणी मेलेलं होतं. तिथं तपास संपला.

बादलीत जोरात आलं पण दारातून बारीक आलं, तर फिल्टर बघा. फिल्टर साधारण सहा महिन्यांनी बदलायचा असतो. बऱ्याच मॉडेलमध्ये फिल्टर काढून त्या जागी साधं बूच लावायची सोय असते. बूच लावल्यावर धार मोठी झाली तर दोषी फिल्टर.

नवीन फिल्टर बसवल्यावर सुरुवातीला फुरफुर, थांबून थांबून पाणी येतं. ती नळीत अडकलेली हवा असते. दहा-पंधरा लिटर पाणी काढून टाका, म्हणजे हवाही जाते आणि कार्बनची काळी भुकटीही. ते पाणी कुंड्यांना घाला, आपल्याकडं फेकू नका.

आणि एक सवय लावून घ्या. फ्रिज चांगला चालतोय तेव्हा एक लिटरची बाटली भरायला किती सेकंद लागतात ते फोनवर मोजून लिहून ठेवा. पुढं कधी शंका आली तर तोच तुमचा पुरावा.

१३:३० | थंडी वाढवून बर्फ मिळत नाही

मामाची चूक तुमच्याकडून होऊ नये म्हणून हे वेगळं सांगतो. फ्रीझर उणे १८ अंश सेल्सिअसला आणि फ्रिज ३ ते ४ अंशांना ठेवायचा. एवढं बर्फाला भरपूर होतं. त्याहून थंड केलं तर दारातली पाण्याची नळी गोठते, कारण दोन दारांच्या फ्रिजमध्ये डिस्पेन्सर बहुतेक फ्रीझरच्याच दारात असतो. म्हणजे बर्फ मिळवायला गेलात आणि पाणीही घालवलंत.

नळी गोठली असेल तर घाईनं उकळतं पाणी ओतू नका, सुरी-पेचकस घालू नका. प्लग काढा, फ्रीझर रिकामा करा, खाली जाड चादर टाका आणि दार काही तास उघडं ठेवा. आमच्याकडं बर्फाच्या नळीचं बूच सुटायला सहा तास लागले.

त्या सहा तासांत दूध आणि आजीचं नवीन इन्सुलिन शेजारच्या घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं. कुणाच्या घरी इन्सुलिन असेल तर नीट ऐका. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं. फ्रिजच्या मागच्या भिंतीला, थंड हवा येते त्या झरोक्याजवळ ठेवायचं नाही. मधल्या कप्प्यात, डब्यात घालून ठेवा. वापरात असलेली बाटली बाहेर किती दिवस चालते ते तिच्या कागदावर लिहिलेलं असतं, पण तिथं धरलेलं तापमान २५ ते ३० अंश असतं. मे महिन्यात आपल्या घरात ४० असतं. वीज नसेल, फ्रिज नसेल तर ओल्या माठाचा आसरा घ्या. माती पाझरते, पाणी उडून जातं आणि आतली हवा थंड राहते. बाटली पाण्यात बुडू न देता, डब्यात बंद करून ठेवायची. आणि शुगर विनाकारण वाढली तर डोस स्वतः वाढवू नका, डॉक्टरांना बाटली कुठं ठेवली होती तेही सांगा.

१६:०० | आपल्या भागातले तीन त्रास

कंपनीचं पुस्तक आपल्या गावासाठी लिहिलेलं नसतं. म्हणून हे तीन वेगळे.

पहिला, जड पाणी. भारतीय मानक आयएस १०५०० प्रमाणे पिण्याच्या पाण्यात टीडीएस ५०० मिलिग्रॅम प्रति लिटरपर्यंत असावा, दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. कठीणपणा २०० पर्यंत असावा, नाइलाज असेल तर ६००. मामाच्या बोरचा टीडीएस मीटरवर अकराशेच्या वर दिसला. फ्रिजमधला कार्बन फिल्टर क्लोरीन आणि वास काढतो, विरघळलेले क्षार काढत नाही. ते क्षार व्हॉल्व्हच्या बारीक जाळीत बसतात. बर्फ मध्ये पांढुरका दिसणं मात्र साधी गोष्ट आहे. बाहेरून गोठत येताना हवा आणि क्षार मध्ये ढकलले जातात. वितळल्यावर तळाला साका बसला तर समजायचं की पाणी जड आहे.

दुसरा, वीज. पाच-सहा तास लाइट गेली की डब्यातले खडे थोडे वितळतात, लाइट आली की एकमेकांना चिकटून गोटा होतो. मग दांडी फिरत नाही, नुसती घरघर येते. डबा बाहेर काढा, गोटा सिंकमध्ये कोमट पाण्यानं सोडवा, डबा कोरडा करून परत लावा. हातोडी नको, डब्याला तडा जातो. आठ-आठ दिवस बर्फ वापरला नाही तरी हेच होतं. संध्याकाळी व्होल्टेज पडतं तेव्हाच पाणी येत नसेल, सकाळी येत असेल, तर व्हॉल्व्हला उचलायला पुरेशी वीज मिळत नसेल. स्टॅबिलायझर बघा.

तिसरा, जार. बऱ्याच घरी पिण्याला २० लिटरचा फिल्टरच्या पाण्याचा जार असतो. जार नुसता उंचावर ठेवून नळी जोडली तर चालणार नाही, हिशोब आपण आत्ताच केला. जारमधून पाणी ओढून प्रेशरनं पुढं ढकलणारा छोटा पंप मिळतो, तो लागतो.

१८:३० | मामानं शेवटी काय केलं

आरओची टाकी आणि फ्रिज ह्यांच्या मध्ये छोटा प्रेशर पंप बसवला. दांडा दाबला की पंप आपोआप चालू, सोडला की बंद. पंप आणि प्लंबर मिळून अडीच हजारांच्या आत काम झालं.

पण त्यात दोन काळज्या आहेत. आरओची टाकी रिकामी झाली तर पंप कोरडा फिरून जळतो, म्हणून पाणी संपलं की पंप थांबवणारा स्विच बसवून घ्या. आणि नळी कुठं सुटली तर पंप घरभर पाणी ढकलत राहील. गावाला जाताना पंपाचं बटण आणि कॉक दोन्ही बंद करून जा. आरओ एक लिटर पाणी देताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतो, तेही लक्षात असू द्या. मामींनी ते पाणी बादलीत धरून फरशी पुसायला, भांडी विसळायला घेतलं.

१९:४० | नळी न जोडता चालणारा फ्रिज

तुमच्यातल्या बऱ्याच जणांकडं हाच असेल. आत दोन-चार लिटरची टाकी, आपण भरायची, दारातून पाणी येतं. ह्यात व्हॉल्व्हला वीज नाही, बोर्ड नाही. पाणी येत नसेल तर टाकी पूर्ण खाली बसली आहे का बघा, "कट्" असा आवाज येईपर्यंत दाबा. झाकण हवाबंद बसून पाणी अडकत असेल तर झाकण जरा उचलून बघा. खाली थेंब गळत असतील तर रबरी वायसर फिरलेला किंवा क्षारानं कडक झालेला असतो. टाकी आठवड्यातून एकदा रिकामी करून धुवा. महिनाभर तेच पाणी वरून भरत राहिलात तर वास येणारच, आणि तो फ्रिजचा बिघाड नाही.

२१:०० | माणूस आला तर काय विचारायचं

तपासायला येणाऱ्या माणसाशी भांडायचं नाही. त्याला दिवसात दहा घरं करायची असतात. आपण माहिती तयार ठेवली तर त्याचंही काम सोपं होतं. चार गोष्टी सांगा: कधीपासून बंद आहे, त्याच्या आधी काय बदललं, पाणी-बर्फातलं काय येतं, आणि मागून आवाज येतो का. मग नम्रपणे विचारा: "दादा, लाइनीचं प्रेशर मोजलं का? व्हॉल्व्हची कॉइल मीटरनं तपासली का?" बोर्ड बदलायचा म्हणाला तर जुना बोर्ड आपल्याकडं ठेवून घ्या आणि वॉरंटी संपली नाही ना, बिलावर बघा. उघड्या वायरींना आणि गॅसच्या नळ्यांना मात्र आपण हात लावायचा नाही. तिथं त्याचाच अधिकार.

२२:१० | शेवटचं

परवा नायगावला गेलो होतो. मामीनं दारातून पाणी घेऊन दिलं, बर्फाचे दोन खडे टाकून. धार एकदम मोठी. आजी खाटेवर बसली होती. मी विचारलं, "आजे, घेतीस का थंड?" ती म्हणाली, "नको रे बाबा, मला माठातलंच दे."

तिचं इन्सुलिन आता मधल्या कप्प्यात, स्टीलच्या डब्यात असतं. डब्यावर मामींनी मार्करनं लिहिलंय: "मागं सरकवू नये."

फ्रिजच्या एका बिघाडापायी आजीचे आठ दिवस वाईट गेले. ते टाळायला एवढाच प्रश्न पुरला असता: शेवटचा बदल काय केला? तो घरात आधी विचारा, मग फोन लावा.

तुमच्या घरी असं काही झालं असेल तर व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात घेऊ. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबांचं इन्सुलिन फ्रिजमध्ये आहे त्यांनी आज घरी गेल्यावर ते कुठल्या कप्प्यात आहे तेवढं बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, येतो.